खाण्याचे विकार: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः घरच्यांसाठी आहेत: आई-वडील, आजी, मोठी भावंडं, नवरा किंवा सासू, म्हणजे रोज ताट वाढणारी माणसं. वजन किती असावं याचे आणि कॅलरींचे आकडे यात मुद्दाम दिलेले नाहीत. आजारी व्यक्तीच्या वाचनात ते आले की ती त्यांच्याही खाली जायला बघते, हे या आजाराचं लक्षणच आहे.

खाण्याचा विकार आणि जेवणाचे नखरे यांत फरक काय?

नखरे करणाऱ्या मुलाला कारलं नको असतं, पण भूक लागली की ते काहीतरी मागून खातं. खाण्याच्या विकारात भूक असो वा नसो, खाणं हीच भीती होऊन बसते. दिवसभर डोक्यात जेवणाचाच हिशेब चालतो आणि त्यापुढे शाळा, मैत्रिणी, झोप, पाळी सगळं मागे पडतं.

डॉक्टर ज्या चार नावांनी याची नोंद करतात ती माहीत असावीत. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये माणूस खाणं कमी-कमी करत जातो, वजन घटतं, तरी आपण आजारी आहोत हे त्याला पटत नाही. बुलिमियामध्ये ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते ‘फेडण्यासाठी’ उलटी, रेच, उपास किंवा अति व्यायाम होतो. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटून खाणं असतं, नंतरची ही भरपाई नसते. बुलिमिया आणि बिंज ईटिंगचं निदान करताना सर्वसाधारणपणे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने, असा निकष धरतात. चौथा विकार अर्फिड. त्यात वजनाची काळजी नसते. चव, वास, पोत किंवा घशात अडकण्याची भीती यांमुळे खाणं आक्रसतं.

वजन ‘नॉर्मल’ दिसतं म्हणून आजार नाही असं समजू नका. आधी अंगाने भरलेल्या मुलीचं वजन झपाट्याने उतरलं, तर काट्यावर आकडा ठीक दिसत असतानाही हृदयाचे ठोके धोक्याच्या पातळीपर्यंत मंदावलेले असू शकतात.

आमची मुलगी ‘बारीक व्हायचंय’ असं कधीच म्हणत नाही. पोट फुगतं, पित्त होतं, म्हणून जेवत नाही म्हणते. मग हा विकार कसा?

असू शकतो. जाड होण्याची भीती बोलून न दाखवणारा ॲनोरेक्सिया आशियात, विशेषतः हाँगकाँगमध्ये, १९९० च्या दशकापासून नीट नोंदवला गेला आहे आणि भारतीय डॉक्टरांनाही तो ओळखीचा आहे. आपल्याकडे ‘जाडी होईन’ म्हटलं तर ओरडा बसतो, ‘पोटात दुखतं’ म्हटलं तर आई पाठीवरून हात फिरवते. मुलगी खोटं बोलतेच असंही नाही. कमी खाल्लं की जठर मंद चालतं, चार घासांतच पोट टच्च होतं, शौचाला होत नाही. त्रास खरा असतो आणि तो उपासमारीतूनच आलेला असतो.

अशी मुलं वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या, काढे, एंडोस्कोपी करत फिरतात. तेवढा काळ वजन घसरतच राहतं.

घरात कशावरून ओळखायचं?

बोलण्यापेक्षा वागण्याकडे बघा. ‘मी मघाशीच जेवले’ हे वाक्य रोज कानावर येतं. भात ताटात पसरून ठेवलेला असतो, माशाच्या तुकडीचा कीस होतो, पण पोटात फारसं जात नाही. दुसऱ्यांसाठी हौसेने रांधते, स्वतः चव घेत नाही. जेवण झालं की लगेच न्हाणीघरात जाते आणि नळ सुरू होतो. काही कारण नसताना दिवसातून दहादा पाखाडी चढ-उतर होते. मे महिन्याच्या उकाड्यात अंगात स्वेटर किंवा लांब बाह्यांचा कपडा असतो, कारण शरीराने ऊब राखणं सोडलेलं असतं. केस गळतात, पाठीवर-हातांवर बारीक लव येते, पाळी लांबते किंवा थांबते. उलट्या होत असतील तर गाल कानाखाली सुजल्यासारखे दिसतात आणि बोटांच्या मागच्या सांध्यांवर दातांचे घट्टे पडतात.

१९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली स्कॉफ नावाची पाच प्रश्नांची छोटी चाळणी जगभर वापरतात. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातेय यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? बाकीचे बारीक म्हणतात आणि तुला मात्र आपण जाड वाटतो का? जेवणाच्या विचारानेच दिवस व्यापलाय असं वाटतं का? दोन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ असतील तर डॉक्टरांकडे जा. ‘नाही’ आली तरी वर सांगितलेली चिन्हं दिसत असतील तर जाच. या आजारात लपवणं हे नेहमीचंच असतं.

आमचं काय चुकलं?

आई-वडिलांमुळे हा आजार होतो, हे जुनं मत आता मागे पडलं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. त्यावर स्वभाव (अतिनेटकेपणा, चिंता), वयात येण्याचा काळ, कोणाचा तरी टोमणा, डाएट किंवा एखादं आजारपण यांची ठिणगी पडते. सुरुवात कशीही होवो, पुढे उपासमारच आजाराला पोसते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरी ते पाककृती गोळा करू लागले, एकेक जेवण तास-तासभर लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. काहींचा नंतर खाण्यावरचा ताबाच सुटला. पोट भरल्याशिवाय डोकं ताळ्यावर येत नाही. म्हणून ‘आधी तिला समजू दे, मग ती जेवेल’ हा क्रम उलटा आहे. आधी जेवण, समजूत त्यानंतर येते.

गावात म्हणतात बाहेरचं आहे. देवळात गाऱ्हाणं घालावं का?

घाला, मनाला धीर येत असेल तर जरूर घाला. दोन गोष्टी मात्र पाळा: त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नका आणि तिच्या नावाने उपासाचा नवस बोलू नका. अंगारा पाण्यातून देऊन ‘आज फक्त एवढंच’ असं कोणी सांगितलं, तर ते या आजारात घातक आहे.

पहिल्यांदा कुठे जायचं? कोणत्या तपासण्या होतात?

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. वजन, उंची, झोपून आणि उभं राहून नाडी व बीपी, शरीराचं तापमान आणि ईसीजी हव्यात. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि थायरॉइड. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतात, ती नाव घेऊन सांगावी लागतात. वजन उतरण्याची दुसरी कारणंही तपासून घ्यायला हवीत: क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, आतड्याचे दाह. आपल्या भागात क्षयरोगाचा विचार आधी होतो आणि तो व्हायलाच हवा. पण तो नाही असं कळल्यावर ‘मग काहीच नाही’ म्हणून फाइल बंद करू नका.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणजे धोका टळला असं नाही. शरीर अगदी शेवटपर्यंत रक्तातले आकडे सांभाळून धरतं आणि मग ते एकदम कोसळतात.

पुढचा टप्पा मनोविकारतज्ज्ञांचा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते. सिंधुदुर्गात ती ओरोसला. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला घाबरून बरीच घरं जिल्हा रुग्णालयाची पायरीही चढत नाहीत. ओपीडीत जाऊन केसपेपर काढणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

कोणत्या लक्षणांवर थांबायचं नाही?

जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन पडली, छातीत धडधड किंवा दुखणं असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पायांत गोळे किंवा अशक्तपणा इतका की उकिडवं बसल्यावर हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही, उलटीत रक्त, दिवसभर अन्न-पाणी पूर्ण बंद, गोंधळल्यासारखं बोलणं, किंवा ‘जगायचं नाही’ अशी भाषा. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

नाडी घरी मोजता येते. पाच मिनिटं शांत झोपवा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मंद नाडीत त्याने चूक होते. ‘खेळाडू आहे, म्हणून ठोके कमी’ हे उत्तर कमी खाणाऱ्या, वजन उतरलेल्या मुलाच्या बाबतीत मान्य करू नका.

महिनाभर जवळजवळ काही खाल्लेलं नाही. आता भरपूर खायला घातलं तर?

इथे घाई जिवावर बेतू शकते. उपाशी शरीराला अचानक अन्न, विशेषतः भात-साखर मिळाली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळली की हृदय आणि श्वसनाचे स्नायू दगा देतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत तो दिसला होता.

पाच दिवसांहून जास्त नगण्य खाणं झालं असेल किंवा वजन फार झपाट्याने उतरलं असेल, तर खाणं पुन्हा सुरू करणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. अन्नाआधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देतात, पहिले काही दिवस रोज फॉस्फेट-पोटॅशियम तपासतात आणि आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. गावच्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावायला निघाले, तर आधीच्या उपासमारीबद्दल स्पष्ट सांगा. शहाळ्याच्या पाण्याने पोटॅशियम भरून निघेल या भरवशावर रक्ततपासणी टाळू नका.

धोका टळला, मुलगी घरी आली. आता रोज जेवायला कसं घालायचं?

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे कुटुंबाधारित उपचार. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात तो आकाराला आला. साधारण सहा ते बारा महिन्यांत सुमारे वीस बैठका होतात. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि कधी खायचं हे पूर्णपणे आई-वडील ठरवतात. वजन सावरलं की दुसऱ्या टप्प्यात तो ताबा थोडा-थोडा मुलीकडे जातो. तिसऱ्यात अभ्यास, मैत्री, वयात येणं यांकडे वळतात.

घरी पाळायच्या गोष्टी अशा. दिवसातून तीन जेवणं आणि तीन मधली खाणी. दोन खाण्यांत साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. ताट मोठ्यांनी वाढायचं. मुलीने स्वयंपाकघरात शिरून तेल-तुपावर नजर ठेवायची नाही. जेवणाला सुमारे अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. न्हाणीघरात जायचं ते जेवणाआधी. जेवणानंतर तासभर आणि मधल्या खाण्यानंतर अर्धा तास कोणीतरी सोबत बसायचं: पत्ते, टीव्ही, गजरे ओवणं, काहीही. ताटावर वजन, दिसणं, कॅलरी हे विषय बंद.

बोलायची वाक्यं छोटी ठेवा. ‘बाय, कठीण आहे, माहीत आहे. पुढचा घास घे.’ तेच वाक्य वीस वेळा म्हणावं लागलं तरी त्याच सुरात म्हणा. वाद घातलात की आजार जिंकतो, कारण उपाशी मेंदूपाशी प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार असतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा पुढील ठिकाणी. वडील ठाम असतात आणि आजी मागच्या दाराने ‘राहू दे गो, नको तर’ म्हणून ताट उचलते. घरातली सगळी मोठी माणसं एक होईपर्यंत वजन हलत नाही. दुसरी चूक म्हणजे घासाघीस: आज अर्धी भाकरी सोडली की उद्या अर्धीच ‘पूर्ण’ ठरते. तिसरी, पहिले दोन किलो वाढल्यावर ‘आता खातेय की’ म्हणून सोबत बसणं बंद करणं. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी लघवीनंतर हलक्या कपड्यांत करा. काट्यावर चढण्याआधी लिटरभर पाणी पिणं ही ओळखीची युक्ती आहे. घरी उपचार चालू असताना आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ ही चांगली गती. दोन-तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही तर ताटातलं प्रमाण वाढवायचं.

ताटात नेमकं काय असावं?

वेगळं पथ्याचं जेवण नको. घरात जे शिजतं तेच, जास्त घट्ट आणि जास्त स्निग्ध. प्रकृती स्थिर असलेल्या किशोरवयीन मुलीसाठी एका दिवसाचा नमुना असा. सकाळी साडेसातला तीन घावणे किंवा आंबोळ्या, ओल्या खोबऱ्याची चटणी, पेलाभर साईसकट दूध. साडेदहाला शेंगदाण्याचा मोठा लाडू आणि केळं. एक वाजता दोन वाट्या भात, नारळाच्या वाटणाची माशाची आमटी, दोन तळलेल्या तुकड्या, भाजी. साडेचारला पोहे ओलं खोबरं घालून, सोबत दूध. कोरा चहा नको. आठ वाजता दोन तांदळाच्या भाकऱ्या, उसळ, थोडा भात, वर चमचाभर तूप. झोपताना दूध आणि मूठभर काजू. सुरुवातीला यातलं निम्मंही जड जाईल. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ प्रमाण कसं वाढवायचं ते ठरवून देतील.

पेजेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आजारी माणूस म्हटलं की आपल्याकडे आधी पेज पुढे येते. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी, पण तिच्यात बहुतांश पाणी. वाडगाभर पेज पोट भरते, शरीर भरत नाही. द्यायचीच तर दाट मऊ भात करून तूप-मीठ घाला, किंवा जेवण झाल्यावर द्या. सोलकढीचंही तेच: नारळाच्या घट्ट दुधाची सोलकढी हे अन्न आहे, नुसतं कोकमाचं पाणी हे अन्न नाही. नाचणीची आंबील पाण्याऐवजी दुधात शिजवा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि लगोलग श्रावण येतो. या काळात ताटातली प्रथिनं नकळत कमी होतात. अंडी, सुकट, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, दही, पनीर यांची सोय आधीच करून ठेवा.

जेवलं की तिचं पोट खरंच दुखतं. तरी भरवायचं?

हो. जठराची गती खाण्यानेच परत येते, त्याला काही आठवडे लागतात. गरम पाण्याची पिशवी, सैल कपडे आणि मोठ्या जेवणाऐवजी लहान पण जास्त वेळा खाणं यांनी ते सुसह्य होतं. पोटात असह्य कळ, पोट दगडासारखं घट्ट होणं किंवा सतत हिरवट उलट्या यांसाठी मात्र लगेच डॉक्टर.

उलट्या आणि रेच थांबवायचे कसे?

आधी एक गोष्ट समजून घ्या. बुलिमियाचं मूळ रात्रीच्या खाण्यात कमी आणि दिवसभराच्या उपासात जास्त असतं. सकाळी चहावर, दुपारी नावापुरतं, आणि रात्री सगळे झोपल्यावर डबे रिकामे. म्हणून उपचाराची पहिली पायरी म्हणजे ठरल्या वेळी सहा वेळा खाणं, आदल्या रात्री अतिखाणं झालेलं असलं तरी. सकाळचा नाश्ता चुकवला की तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

विचार-वर्तन उपचारात (सीबीटी) सुमारे वीस आठवड्यांत वीस बैठका असतात. रुग्ण काय खाल्लं, कुठे, मनात काय होतं हे त्याच वेळी वहीत लिहितो. उलटीची उबळ आली तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते. तेवढा वेळ अंगणात कोणाजवळ तरी बसणं, फोन करणं, अशी दोन-तीन कामं आधीच ठरवून ठेवतात.

रेचाने किंवा चूर्णाने वजन उतरत नाही. अन्नाचं शोषण लहान आतड्यात आधीच झालेलं असतं. रेच मोठ्या आतड्यावर काम करतो आणि बाहेर जातं ते पाणी आणि क्षार. बंद केल्यावर काही दिवस अंगावर सूज येते, बद्धकोष्ठता होते. हे ठाऊक नसलं की माणूस घाबरून पुन्हा रेच घेतो. फार दिवस रोज घेत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा.

उलटी झालीच तर लगेच दात घासू नका. आम्लाने मऊ झालेलं दंतवल्क ब्रशने खरवडलं जातं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि किमान अर्धा तास थांबा. तोंडाला चव यावी म्हणून लगेच कोकम सरबत पिऊ नका, तेही आम्लच. वारंवार उलट्या होणाऱ्यांनी पोटॅशियम नियमित तपासून घ्यावं; ते घसरलं तर हृदयाची लय काही पूर्वसूचना न देता बिघडते.

पंगतीत चार मोदक जास्त खाल्ले तर ते बिंज का?

नाही. पंगतीतलं खाणं चारचौघांत आणि आनंदाने होतं. बिंजमध्ये खाणं बहुधा लपून, घाईघाईने, भूक नसतानाही होतं, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते. अशा व्यक्तीचं वजन जास्त असेल तर सगळेच ‘तोंडावर ताबा ठेव’ सांगतात, आणि कडक डाएट केलं की पुढचं बिंज आणखी मोठं होतं. आधी नियमित खाणं आणि सीबीटी. वजनाचा विषय त्या काळात बाजूला ठेवायचा.

माशाचा काटा घशात अडकल्यापासून मुलगा घट्ट काही खातच नाही. आता फक्त पेज आणि दूध.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घसा मोकळा असल्याची खात्री करा. त्यानंतरही तीच भीती राहिली तर हा अर्फिडचा प्रकार असू शकतो. ओरडून, फसवून, नाक दाबून भरवलं तर भीती पक्की होते. पायऱ्या करा: दाट पेज, मऊ भात, दहीभात, दुधात भिजवलेलं घावन, कोरडं घावन, भाकरीचा तुकडा. प्रत्येक पायरी रोज, थोड्या प्रमाणात, कंटाळा येईपर्यंत. एखाद्या पदार्थाला दहा-पंधरा वेळा सामोरं जावं लागणं सामान्य आहे. मासा सर्वांत शेवटी, तोही जाड मधला काटा सहज काढता येणारी सुरमई. पेडवे-तारली वर्षभर नकोत. पायऱ्या चढत असताना वजन घटत असेल तर डॉक्टरांशी बोलून दूध-तूप वाढवा.

संकष्टी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, रोजे: यांचं काय?

उपचार चालू असेपर्यंत उपास नाही, साबुदाण्याचाही नाही. ‘अर्धाच दिवस’ हाही उपासच. आपल्या परंपरेत मुलं, आजारी आणि गरोदर यांना उपासाची सूट आहेच. इस्लाममध्येही आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे. घरातल्या ज्येष्ठांनी किंवा भटजी-मौलवींनी हे तिला तोंडाने सांगितलं तर फार मदत होते. एरवी देवाचं काही न करणारी मुलगी अचानक आठवड्याचे तीन वार धरू लागली, तर ती भक्ती की आजाराला मिळालेली सन्मान्य सबब, हे बघायला हवं.

गणपतीत मुंबईचे सगळे येतात आणि पहिलं वाक्य वजनावरच असतं.

येण्याआधी फोन करून सांगा: ‘तिच्या तब्येतीवर, खाण्यावर काही बोलू नका, चांगलंही नको.’ ‘आता किती छान भरलीस!’ हे वाक्य तिला ‘जाड झालीस’ असं ऐकू येतं. आरत्या लांबून जेवण दोन वाजता होणार असेल तर तिचं ताट एकला वेगळं वाढा. नैवेद्य आधी दाखवता येतो. मोदक गोड म्हणून वर्ज्य नाही, ताटाचा भाग म्हणून दोन वाढा. ‘तू खाणार नाहीस ना’ असं विचारून वाढू नका.

मुलग्यांना होतो का?

होतो, आणि उशिरा ओळखला जातो. कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. निवडीआधी पाणी तोडणं, प्लास्टिक घालून धावणं, दोन दिवस न जेवणं हे ‘वजन मारणं’ म्हणून चालून जातं. काहींचं ते निवड झाल्यावरही थांबत नाही. प्रशिक्षकांनी वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात बसवण्याचा हट्ट सोडावा. जिममध्ये उलट दिसतं: आपण कधीच पुरेसे पीळदार नाही या ध्यासापायी घरचं जेवण सोडून डबाबंद पावडरीवर जगणं. चिन्हं वेगळी, उपचाराची तत्त्वं तीच.

गोळ्यांनी बरं होतं का?

ॲनोरेक्सियात अन्न हेच औषध. कमी वजनावर नैराश्याच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तीव्र बेचैनीसाठी काही वेळा ओलान्झापिन देतात. बुलिमियात फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळीचा उपयोग सिद्ध आहे आणि तिथे तिचा डोस नैराश्यापेक्षा जास्त, साधारण रोज ६० मिलिग्रॅमपर्यंत न्यावा लागतो. तो डॉक्टरच हळूहळू वाढवतात. तरुण रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावं लागतं. बुप्रोपिऑन ही नैराश्याची दुसरी गोळी मात्र बुलिमिया-ॲनोरेक्सियात टाळतात, कारण फिट (आकडी) येऊ शकते. भूक वाढवणारी सिरपं दुकानातून आणून देऊ नका. इथे अडचण भुकेची नाही, खाण्याच्या भीतीची आहे.

पाळी आणण्यासाठी गोळ्या द्याव्यात का?

गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. त्याने सगळं ठीक असल्याचा भास होतो आणि आतून हाडं ठिसूळ होतच राहतात. पाळी थांबून सहा महिने झाले असतील तर हाडांच्या घनतेच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. खरा उपाय वजन परत आणणं हाच.

दर आठवड्याला शहरात जाणं परवडत नाही.

काम वाटून घ्या. वजन, नाडी, बीपी दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सकडे नोंदवून वहीत लिहून घ्या. मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष महिन्यातून एकदा भेटा आणि मधल्या बैठका व्हिडिओ कॉलवर ठेवा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रात्री जेवणावरून घरात टोकाचं झालं तर तिथे फोन करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा लागतो. दाव्याला नकार आला तर कारण लेखी मागा.

ती वीस वर्षांची आहे आणि उपचार नकोच म्हणते.

आजाराच्या नावावर भांडू नका. तिला स्वतःला खुपणारी गोष्ट धरा: झोप लागत नाही, केस गळतात, थंडी वाजते, अभ्यासात लक्ष लागत नाही. ‘त्यासाठी तरी तपासून येऊ’ एवढ्यावर पहिली भेट घडते. जिवाला धोका असेल आणि निर्णय घेण्याची तिची क्षमताच आजाराने झाकोळली असेल, तर २०१७ च्या याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीमार्फत (तिच्या वतीने निर्णयात मदत करणारी व्यक्ती), दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, मर्यादित काळासाठी दाखल करण्याची तरतूद आहे. ही वाट शेवटची, पण ती आहे हे माहीत असावं.

किती दिवसांत बरी होईल?

महिन्यांत नाही, वर्षांत मोजा. वजन आधी सावरतं, मनातली भीती बरीच नंतर उतरते. मधला काळ सर्वांत कठीण, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत भांडण चालूच असतं. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाठपुराव्यात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी नऊ वर्षांनी सुमारे ३१ टक्के बरे झालेले होते आणि बावीस वर्षांनी सुमारे ६३ टक्के. म्हणजे बरीच वर्षं आजारी राहिलेली माणसंही बरी होतात. लवकर उपचार मिळालेल्या मुलांचं चित्र यापेक्षा चांगलं असतं.

आजार उलटायची शक्यता पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. दहावी-बारावीची परीक्षा, कॉलेजसाठी हॉस्टेलला जाणं, लग्न ठरणं, बाळंतपण, आणि ताप किंवा जुलाबाने चार दिवस जेवण सुटणं, या वेळी जास्त जपा. मधलं खाणं पुन्हा चुकू लागलं, ताटातून तूप वगळलं जाऊ लागलं किंवा दोन आठवडे सलग वजन उतरलं, तर वाट न बघता त्याच संध्याकाळी सहा वेळचं वेळापत्रक परत सुरू करा, शेजारी बसा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.